सतरा नंबरचं गिऱ्हाईक

म्हाळाप्पा गेजग्यानं जन्मात दोनच गोष्टींवर भरवसा ठेवला. एक बैलाचं पाऊल आणि दुसरं माणसाचं बोट. तोंडावर कधी ठेवला नाही. तोंड काय, चहा पाजला की कसंही वळतं.

चाळीस वर्षं त्यानं खडकीच्या बाजारात खिलार बैलांची दलाली केली. तिथला सौदा तोंडानं होत नाही. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात एका टावेलाखाली जातो आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. भोवती पन्नास माणसं असेनात का, आकडा त्या दोघांनाच ठाऊक. बाकीच्यांनी नुसता हलणारा टावेल बघायचा आणि आपापल्या मनाचे मांडे खायचे.

म्हाळाप्पा त्यातला वस्ताद. समोरच्याचं बोट हातात आलं की त्याला कळायचं, गडी बैलासाठी आलाय का नुसतं ऊन खायला. बैल मनात भरलेला माणूस तोंडानं "शिंगं बरी न्हाईत" म्हणणार, पण बोट बारीक थरथरणार. आणि म्हाळाप्पाचं स्वतःचं बोट म्हणजे जमिनीत ठोकलेली मेख. कुणाला काही पत्ता लागायचा नाही.

त्याचा एक नेम होता. समोरचं बोट थरथरलं की त्यावर भाव चढवायचा नाही. तिथंच मिटवायचं आणि गुळाचा खडा हातावर ठेवायचा. लोक म्हणायचे, म्हाळूतात्या धूर्त, गिऱ्हाईक बांधून ठेवतो. खरं कारण साधं होतं. थरथरतं बोट दाबायची त्याला लाज वाटायची.

पुढं दिवस पालटले. विजेचे ट्रॅक्टर रानात आपले आपण हिंडायला लागले आणि मालक बांधावर तंबाखू मळत बसला. बैल उरले ते शर्यतीचे, हौसेचे, नाहीतर घरातल्या माणसासारखे लळा लागलेले. असल्या लोकांना रविवारी बाजारात यायला सवड नव्हती, ते बैल फोनवर बघायचे. खडकीच्या मैदानात बैलांपेक्षा वडापावच्या गाड्या जास्त झाल्या.

मग म्हाळाप्पाच्या सुनेनं, पूनमनं, वेबसाइट काढली. पूनम सांगोल्याला कॉम्प्युटर शिकलेली. तिचा नवरा पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर, महिन्यातून दोनदा घरी. घरात सासू, सासरे आणि ती. बावीस बैलांचे व्हिडिओ तिनं स्वतः काढले. समोरून, मागून, दोन्ही अंगांनी, चालताना, बसताना. म्हाळाप्पा मागं उभा राहून ओरडायचा, "वशिंड घे, वशिंड! माझं टक्कल कशाला घेतीयास?"

वेबसाइट झाली. तीन महिन्यांत एक फोन आला. तोही गाढवं आहेत का विचारायला.

"लोकं येत्यात का तरी?" म्हाळाप्पानं विचारलं.

"येत असतील की, मामा."

"असतील म्हंजे? बाजारात गिऱ्हाईक मला दिसतं. कुठल्या बैलाम्होरं थांबलं, कुणाच्या कासऱ्याला हात लावला, समदं कळतं. ही तुझी न दिसणारी गिऱ्हाइकं म्हंजे दुकानात भुतं फिरल्यागत झालं."

"ती भुतं मोजायचं साधन मिळतं. ॲनालिटिक्स म्हणतात. किती आले, कुठनं आले, काय बघितलं, सगळं कळतं. पण पुष्कळ जातीची आहेत, निवडावं लागेल."

"निवडू की. जनावर निवडण्यात जन्म गेला माझा."

पहिलं साधन आठवडाभर फुकट मिळालं. ते डोकी मोजायचं. दुसऱ्याच दिवशी पूनम म्हणाली, "मामा, काल चारशे बारा आले!"

म्हाळाप्पा उठून फेटाच बांधायला लागला. तेवढ्यात पूनमनं यादी नीट बघितली. "थांबा. ह्यातली तीनशे माणसं नाहीत. यंत्रं आहेत. ती दिवसभर सगळ्या वेबसाइटी वाचत हिंडतात."

"यंत्रं बैल बघाया येत्यात?"

"हो."

"घेत्यात का?"

"नाही."

"मग सोड त्यांस्नी. ऱ्हायले किती?"

"एकशे बारा. त्यातले शंभर तुम्हीच."

"म्या?"

"गिऱ्हाईक आलं का बघायला तुम्ही सारखी वेबसाइट उघडता. ते दर वेळी तुम्हाला मोजतं."

म्हाळाप्पानं बांधलेला फेटा सोडला. "म्हंजे म्याच माझ्या दुकानात येतोय, म्याच मला मोजतोय आणि म्याच खूश हुतोय. काढ ते."

दुसरं साधन पायवाट दाखवायचं. माणूस कुठल्या पानावरून आला, कुठं रेंगाळला, कुठून पळाला. जिथं नजर जास्त ठरते तिथं लाल डाग. आठ दिवसांनी दोघांनी डाग बघितले. बैलांवर नव्हतेच. हरण्या नावाच्या बैलाच्या मागं बाजेवर इंदूबाईनं पापड वाळत घातले होते, सगळा लालभडक ढीग त्यावर.

"चौदा जणांनी पापडाचा भाव विचारलाय," पूनम हळूच म्हणाली.

आतून इंदूबाई, म्हाळाप्पाची बायको, मोठ्यानं म्हणाली, "बैलं मागं सरकवा म्हणावं, पापड झाकाया लागल्यात!"

म्हाळाप्पानं तेही साधन काढायला लावलं.

तिसऱ्याचं नाव 'नाडी'. ते दाखवायला पुण्याहून मृदुलाबाई नावाची कंपनीची बाई फोनच्या पडद्यावर आली. गोड बोलायची. तिनं जे सांगितलं ते असं.

माणसाचं बोट कधीच गप्प नसतं. अगदी निवांत बसलात तरी सेकंदाला आठ-दहा वेळा बारीक थरथरतं. डोळ्याला दिसत नाही. स्नायूंना मेंदूकडून येणारे हुकूम सलग येत नाहीत, ठोक्याठोक्यानं येतात, म्हणून ती थरथर. एखादी गोष्ट मनापासून हवीशी वाटली की काळीज जोरात चालतं, अंगात रसायनं सुटतात आणि थरथर वाढते, तिची चाल बदलते. आताच्या फोनची काच बोटाचा दाब सेकंदाला हजार वेळा मोजते, म्हणजे थरथर तिला लख्ख दिसते. लाखो माणसांच्या बोटांवर 'नाडी'ला शिकवलेलं होतं. वेबसाइटवर आलेल्या माणसाला समोरची वस्तू किती हवी आहे, ते ती शंभरात आकडा देऊन सांगायची. त्या आकड्याला कंपनीनं नाव दिलं होतं, ओढ.

"नाव, गाव काही कळणार नाही हं," मृदुलाबाई म्हणाली. "नव्या कायद्यानं तशी बंदी आहे. प्रत्येकाला फक्त नंबर. आणि आत येताना 'मान्य आहे' हे बटण त्यांनी स्वतःच दाबलेलं असतं."

"दाबायच्या आधी वाचत्यात?"

"आजवर कुणी वाचलेलं आमच्या ऐकिवात नाही."

म्हाळाप्पा खुर्चीत पुढं सरकला. त्याचे डोळे चमकायला लागले. "म्हंजे बाई, तुमी टावेलाखालचं बोट धरताया."

"टॉवेल?"

तिला सांगण्यात अर्धा तास गेला. फोन बंद झाल्यावर पूनम म्हणाली, "मामा, आपण पायवाटवालंच परत घेऊ. हे मला बरं वाटत नाही."

"का गं? चाळीस वर्सं म्या हेच करत आलोय."

"तेव्हा तुमचा हातपण त्याच्या हातात असायचा. तो तुम्हाला जोखत होता, तुम्ही त्याला. ह्यात एकट्याचाच हात आहे."

काही सुचलं नाही की म्हाळाप्पा चहा मागायचा. त्यानं चहा मागितला आणि 'नाडी' घेतली.

पुढचे दोन महिने असे गेले की बोलायचं काम नाही. कुणाची ओढ तीस, त्याला भाव उतरवून पटकन बोलवायचं. कुणाची साठ, त्याला दोन दिवस ताटकळत ठेवायचं. सहा जोड्या गेल्या. ज्याची ओढ नव्वदीच्या वर त्याच्या बाबतीत मात्र म्हाळाप्पा पहिल्या दिवशी अडखळला.

"ह्यावर चढवायचा नसतो भाव," तो म्हणाला.

मग जरा वेळानं म्हणाला, "पर हे काय बोट न्हाई. आकडा हाय. आकड्याला कसली लाज? चढव."

पूनमनं चढवला. तो माणूस निमूट देऊन बैल घेऊन गेला. म्हाळाप्पाचं काळीज त्या दिवशी जरासं दुखलं. पुढच्या वेळी कमी दुखलं. तिसऱ्या वेळी तो पेरू खात होता.

आणि मग आलं सतरा नंबरचं गिऱ्हाईक.

ते रोज यायचं. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. साऱ्या बैलांतला एकच बघायचं, हरण्या. तेही डाव्या अंगानंच. व्हिडिओ डाव्या अंगावर आला की तिथं थांबवायचं आणि बघत बसायचं. ओढ, शहाण्णव.

"शहाण्णव!" म्हाळाप्पा म्हणाला. "माझ्या लग्नात माझी एवढी नसंल."

"ऐकू येतंय मला," आतून इंदूबाई.

त्यानं भाव चढवला. सतरा नंबर दुसऱ्या दिवशी आलं, नवा आकडा बघितला, बराच वेळ तसंच राहिलं आणि गेलं. संध्याकाळी परत हजर. ओढ तितकीच. परत चढवला. परत हजर. फोन करत नव्हतं, घेत नव्हतं, सोडत नव्हतं. मधेच वाळव्याकडचा एक शर्यतवाला चढवलेल्या भावाला हरण्या न्यायला तयार झाला. म्हाळाप्पानं त्यालाही थांबवलं. सतरा नंबर अजून वर जाईल, ही त्याची खात्री.

एव्हाना 'नाडी' सगळीकडं पोचली होती. साडीची दुकानं, प्लॉटवाले, सोनार. आणि लोकही काही दुधखुळे नव्हते. काच आपलं बोट ओळखते हे कळल्यावर बायकांनी साड्या लाटण्यानं बघायच्या ठरवल्या, पण काच लाटण्याला दाद देईना. तिला ओलसर काहीतरी लागतं. कुणीतरी भेंडी लावून बघितली. भेंडी चालली! पंधरा दिवसांत तालुक्यात भेंडी मिळेना. आटपाडीच्या निवृत्त तलाठ्याचं तर नशीबच उघडलं. त्या गृहस्थाला जगातल्या कशाचंच काही वाटत नसे. बायको माहेरी गेली तरी नाही, परत आली तरी नाही. त्याच्या बोटाची ओढ कधी चारच्या वर गेली नाही. लोक पाळी लावून त्याच्याकडून फ्लॅट आणि मोटारी बघून घ्यायला लागले.

एके सकाळी पूनमनं फोन पुढं केला. "मामा, सतरा नंबरनं पण भेंडी धरली. हे बघा, लिहिलंय: 'बोट नाही, ओली वस्तू.'"

"गेलं का हातचं?"

"कुठलं? ओढ सत्त्याण्णव. भेंडीसकट थरथरतोय माणूस."

म्हाळाप्पा मांडीवर थाप मारून हसला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. आणि म्हणाला, "पाचव्यांदा चढव."

त्याच आठवड्यात पूनमच्या माहेरी डाळिंबाची तोड होती. तिच्या वडिलांनी व्याह्यांना जेवायला बोलावलं. ज्ञानोबा मोटे म्हणजे शेरेवाडीचे अण्णा. मोठा बागायतदार, आणि ताठा असा की घरातल्या दाराखालून जातानाही मान वाकवायचे नाहीत, दारच उंच करून घेतलेलं. लेकीच्या घरचं घ्यायचं नाही, ही जुनी रीत अण्णांनी इतकी पाळलेली की बारा वर्षांत ते लेकीच्या घरी जेवले नव्हते. पाण्याची बाटलीसुद्धा बरोबर आणायचे.

म्हाळाप्पा आणि पूनम गेले. म्हाळाप्पा सवयीनं आधी गोठ्याकडं वळला. अण्णांची सर्ज्या-शिवल्याची जोडी साऱ्या माणदेशात नावाजलेली. अण्णांच्या रानात ट्रॅक्टर आपला आपण फिरे, पण बैलजोडी त्यांनी मोडली नव्हती. रोज सकाळी दोघांना मोकळ्या गाडीला जुंपून गावाला एक फेरी मारायचे. काम काही नाही, नुसतं तिघांनी हिंडायचं.

गोठ्यात सर्ज्या एकटा उजव्या मेखेला उभा. डावी मेख रिकामी. सर्ज्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा झालेल्या, आणि समोरची गव्हाण भरलेली, कडब्याला तोंडही लावलेलं नाही.

"शिवल्या कुठाय, व्याही?" म्हाळाप्पानं विचारलं.

"शिवल्या व्हय? दिला एका दोस्ताला. लईच मागं लागला हुता," अण्णा म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला.

"आन ह्यो खात न्हाई वाटतं."

"खातो की! लाजतोय. पाव्हणं आल्यात म्हणून."

ताटं मांडली. पूनमची आई, द्वारकाबाई, वाढता वाढता म्हणाली, "भेंडीची भाजी करणार हुते. पर ह्यांच्यापायी घरात भेंडी टिकंल तर शप्पत. रोज सकाळ, दुपार, सांजच्याला दोन भेंड्या घ्यायच्या, फोन घ्यायचा आणि गोठ्यात जाऊन बसायचं. काय करत्यात देव जाणे."

"वाढ की गप," अण्णा म्हणाले.

पूनमचा हात ताटातच राहिला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. म्हाळाप्पाला एकदम सगळं दिसलं. डाव्या अंगानंच बघणारं गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्या जोडीतला डावा बैल गेलाय ते गिऱ्हाईक. बाजारातलं चार दिवसांचं पोर हे ओळखेल. चाळीस वर्षांच्या दलालाला दिसलं नव्हतं, कारण तो आकडा बघत होता.

परतीच्या वाटेवर गाडीत पूनम बोलली. "आईनं स्वयंपाकघरात सांगितलं. दीड महिन्यामागं शिवल्याला साप चावला. मला सांगू नको म्हणाले अण्णा, मी सासरी बोलेन म्हणून. तेव्हापासून सर्ज्या धड खात नाही. तसाच दुसरा शेजारी बांधला तर खाईल, नाहीतर महिनाभर टिकणार नाही म्हणाले डॉक्टर."

"आन तसाच दुसरा म्हंजे हरण्या."

"हो."

"किती वेळा चढवला गं आपण भाव?"

"पाच वेळा. पाचही वेळा बटण मी दाबलंय, मामा. माझ्या बापावर."

म्हाळाप्पानं चहा मागितला नाही. गाडीत चहा नव्हता.

"फुकट दिऊन टाकू," तो म्हणाला.

"घेतील?"

"न्हाई घेणार."

"भाव उतरवला तर ओळखतील. आपल्याला कळलंय हे त्यांना कळलं, तर परत उंबरा चढणार नाहीत. लेकीच्या दुकानात भेंडी घेऊन थरथरताना सापडलो, ह्या लाजेनंच मरतील. सर्ज्याच्या आधी."

गाडी दोन मैल पुढं गेली.

"मामा," पूनम म्हणाली, "अण्णा मागणार नाहीत. पण तुम्ही मागितलं तर?"

"म्या काय मागू?"

"मदत."

म्हाळाप्पा उखडला. "म्या? बैल खपंना म्हणून म्या व्याह्याम्होरं हात पसरू? खडकीच्या बाजारात म्हाळाप्पाचा बैल खपंना? लोकं तोंडात शेण घालतील माझ्या!"

"हो, घालतील," पूनम म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

गाव येईपर्यंत म्हाळाप्पा स्वतःशी पुटपुटत होता. गाडीतून उतरताना म्हणाला, "लाव तुझ्या आईला फोन."

पूनमनं जे नाटक केलं त्याला तोड नाही. "आई, कुणाला सांगू नको गं. मामांनी हाव केली. भाव चढवत गेले, गिऱ्हाइकं पळाली. तो हरण्या दावणीला पडून आहे, दावं तोडतोय, रात्रंदिस हंबरतोय. मामा तोंड पाडून बसलेत. आपल्यातल्याच कुणीतरी नेला तर सुटतील बिचारे. पण अण्णांना कसं म्हणायचं? ते तर मोठी माणसं. तू अण्णांना काही बोलू नकोस बरं का."

बिचारे मामा शेजारीच बसून सगळं गिळत होते. वाळव्याच्या शर्यतवाल्याला म्हाळाप्पानं मघाशीच कळवलं होतं, बैल दिला म्हणून.

तासाभरात अण्णांचा फोन. आवाज असा, की फेटा बांधूनच बोलत असावेत. "काय वं व्याही! अडचण हुती तर सांगायची न्हाई का? आपण काय परके? बघतो म्या तुमच्या बैलाचं. पर एक सांगतो. घरचं म्हणून फुकट न्हाई न्यायचो. यवहार म्हंजे यवहार. रविवारी, खडकीला, टावेलाखाली."

रविवारी खडकीच्या मैदानात कित्येक वर्षांनी गर्दी झाली. दोन व्याही टावेलाखाली बसणार, ही बातमी वडापावच्या वासासारखी पसरली होती. अण्णा कडक इस्त्रीत आले. हरण्याभोवती फिरले. डाव्या अंगाला जरा जास्तच वेळ थांबले. मग कोरड्या तोंडानं म्हणाले, "शिंगं काय खास न्हाईत."

"न्हाईतच," म्हाळाप्पा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा.

टावेल पडला. अण्णांची बोटं आली. त्यांनी पहिला भाव दाबला, बेतानं, अंदाज घेत. आता म्हाळाप्पाच्या बोटानं सांगायचं होतं, की गडी अडलाय. पण बोट काही सांगेना. चाळीस वर्षं मेख होऊन राहिलेलं बोट, ते आज थरथर म्हटल्यावर थोडंच थरथरणार? म्हाळाप्पानं जोर लावला. अख्खा हातच हलला.

"मुंगी चावली का काय?" अण्णा म्हणाले. मग त्यांचे डोळे बारीक झाले. ते हळू आवाजात म्हणाले, "व्याही, तुमास्नी इकायची काय घाई दिसत न्हाई. मला कशापायी बोलावलं? माझ्यावर दया बिया करताया का काय?"

आणि त्यांनी हात मागं ओढायला सुरुवात केली.

म्हाळाप्पाला नुसतं दिसलं, की हा माणूस आता उठणार, ताठ मानेनं घरी जाणार, दोन भेंड्या घेऊन गोठ्यात बसणार, आणि सर्ज्या भरल्या गव्हाणीसमोर उभा राहणार. दहा दिवस, फार तर पंधरा. आणि हे सगळं आपल्या हातानं. आणि त्याला न विचारता, टावेलाखाली, त्याचं बोट थरथरलं. मग थांबेचना.

अण्णांचा हात जागच्या जागी थबकला. त्यांनी म्हाळाप्पाच्या तोंडाकडं बघितलं. ह्या माणसाचं बोट थरथरतं! खडकीत हे कुणी ऐकलं नव्हतं.

अण्णांच्या जागी म्हाळाप्पा असता तर त्यानं तिथंच मिटवलं असतं. अण्णा म्हाळाप्पा नव्हते. त्यांनी ओठ आवळले, बूड नीट टेकवलं आणि पिळायला घेतलं. एक बोट सोडलं. भाव उतरला. दुसरं सोडलं. आणखी उतरला. म्हाळाप्पाचे डोळे मोठे झाले. तिसरं सोडलं तेव्हा त्याच्या तोंडून "अवं अवं" निघून गेलं. आतला दलाल जागा होऊन ओरडत होता, हात काढ, लुटलं ह्यानं. दोनदा हात निघत आला. दोनदा त्यानं तो तिथंच ठेवला. अण्णांना तर ऐन उन्हात थंड ताक प्यायल्यासारखी तरतरी आली होती.

शेवटी म्हाळाप्पानं बोट मिटलं. सौदा झाला. काय भावाला झाला, ते त्या दोघांनाच ठाऊक, आणि म्हाळाप्पानं ते इंदूबाईलासुद्धा कधी सांगितलं नाही.

अण्णांनी टावेल ओढून खांद्यावर टाकला आणि उभे राहिले. "लोकहो, व्याही अडचणीत हुते. घरचा माणूस म्हणून सोडवलं. दुसरं काय?"

हशा झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "तात्या, बोट ढिलं पडलं काय वं?"

"वय झालं," म्हाळाप्पा म्हणाला. "आता पापडाचंच बघणार."

अण्णांनी हरण्याचा कासरा असा धरला, जणू लग्नात नवरदेवाचा हात धरलाय. टेम्पोत न घालता चालवतच नेला, सहा कोस.

सोमवारी पूनमनं 'नाडी' बंद केली. मृदुलाबाईचा लगोलग फोन आला, कुठं कमी पडलो, काही सवलत हवी का. म्हाळाप्पा म्हणाला, "बाई, यंत्र तुमचं चोख हाय. म्याच कमी पडलो. ते डाग दावणारं हाय न्हवं, ते द्या. बायकूच्या पापडाला लागतंय." बुधवारपर्यंत माणदेशभर झालं, की म्हाळाप्पा संपला, व्याह्यानं त्याला भर बाजारात नागवला. दोन जण मुद्दाम घरी येऊन सांत्वन करून गेले. पूनमनं दोघांना चहा दिला आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

गुरुवारी दुपारी म्हाळाप्पा ओसरीवर बसला असताना अण्णांचा फोन आला. पूनम आत भाकरी थापत होती. व्याह्यांचा आवाज ऐकून ती पिठाच्या हातानं दारात आली.

"काय वं, बरं हाय का आता?" अण्णा म्हणाले. "मनाला लावून घिऊ नका. धंद्यात व्हतं असं. तुमची चूक काय झाली सांगू का? तुमी भाव चढवत बसला. गरजू माणूस वळखायचा आन तिथंच मिटवायचं. एवढं कळाया पायजे दलालाला."

"व्हय, व्याही."

"आन ते यंत्र काढून टाका. मला समदं ठावं हाय त्याचं. लोकं भेंड्या लावत्यात म्हणं! काय येडी असत्यात एकेक."

"असत्यात."

"आन इथनं म्होरं काय अडचण आली तर लाजायचं न्हाई. मला सांगायचं. आपण कुणाचे?"

"तुमचंच की, व्याही. चुकलंच माझं."

अण्णा गोठ्यातूनच बोलत होते. त्यांच्या आवाजाच्या मागं म्हाळाप्पाला आणखी काहीतरी ऐकू येत होतं. त्यानं फोन कानाला घट्ट दाबला आणि डोळे मिटले. कडबा करकरत होता. मोठ्या दाढांखाली, सावकाश. एका जागेवरून करकर, आणि तिच्या शेजारी, जरा लांबून, दुसरी.

त्यानं फोनवर तळहात झाकला आणि पूनमकडं बघितलं.

"दोघं खात्यात गं," तो म्हणाला.

पूनमनं पिठाचे हात तसेच तोंडावर घेतले. म्हाळाप्पानं तळहात काढला.

"ऐकतोय, व्याही," तो म्हणाला. "बोला. लांबवा की जरा, काय घाई हाय."